किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधली नाताळची गाणी : सासूबाईंना न्यावं का?

ओसरी
नमस्कार मंडळी. यंदा डिसेंबरात सासूबाई डोंबिवलीहून आमच्याकडे केंब्रिजला येतायत. वय ७८, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. कीर्तन म्हटलं की जेवण सोडून जाणाऱ्यांपैकी.
इथे २४ डिसेंबरला दुपारी ३ वाजता किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये 'नऊ वाचनं आणि कॅरल्स' असतं. बायबलमधले नऊ उतारे वाचतात आणि मधेमधे कॉलेजचा कॉयर, म्हणजे गायकवृंद, गातो. इतकी वर्षं या गावात राहून मी ते फक्त रेडिओवर ऐकलंय, तेही भाजी चिरताना. जागा मिळाली तर त्यांना घेऊन जावं असं मनात आहे. नवरा म्हणतो, 'आईला इंग्रजी प्रार्थनेत काय रस, घरी टीव्हीवर लाव.' त्यांना विचारलं तर म्हणाल्या, 'मला काय कळणार? पण आत गरम असतं का?'
तर प्रश्न असे : एवढा वेळ बसवेल का? आपण ख्रिस्ती नाही, गेलेलं चालतं का? आणि भाषा नीट कळली नाही तर मजा येते का?

मफलरवाली
न्या हो! आणि आत गरम नसतं. दोन स्वेटर.

कॅमकाठ
ओसरीताई, मी गेलोय. पूर्वी लोक पहाटेपासून, काही तर आदल्या रात्रीपासून रांगेत उभे राहायचे. आता आधी नाव नोंदवायची पद्धत आली आहे. यंदाचे नियम कॉलेजच्या साइटवर बघा, दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात. पैसे लागत नाहीत.

आता आत काय होतं ते. चॅपल लांबच लांब आहे, जवळपास ८८ मीटर, आणि रुंदी जेमतेम १२. मध्ये एक भलामोठा काळसर लाकडी पडदा आहे, त्याच्यावर ऑर्गन. हा पडदा आठव्या हेन्रीने करवला. त्याच्यावर एच आणि ए अशी गुंफलेली अक्षरं कोरलीत, हेन्री आणि अ‍ॅन बोलिन. १५३६ मध्ये त्याने आपल्या या राणीचं मुंडकं उडवलं, अक्षरं राहिली.

पडद्याच्या आतल्या बाजूला कॉयर बसतो, बाहेरच्या बाजूला बरीचशी जनता. बाहेर जागा मिळाली की लोक हिरमुसतात, कारण पुढचं काही दिसत नाही. पण मला विचाराल तर सुरुवात ऐकायला बाहेरचीच जागा चांगली. कॉयर तिथे, पश्चिमेच्या दाराशी उभा राहतो. सगळं गप्प. खोकणारेसुद्धा खोकून घेतात. मग एक लहान मुलगा एकटा, कुठल्याही वाद्याच्या साथीशिवाय, 'वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी'चं पहिलं कडवं म्हणतो. छत २४ मीटर उंच, दगडी पंख्यांसारख्या नक्षीचं. आवाज वर जातो आणि ओळ संपली तरी वर थोडा वेळ राहतो. त्या मुलाला पुढची ओळ त्या उरलेल्या आवाजावरच टाकावी लागते. मग कॉयर येतो, मग ऑर्गन, आणि सगळे चालत तुमच्या शेजारून आत जातात. तेवढ्यासाठी भाषा लागत नाही.

प्रत्यक्ष वेळ दीड तासाच्या आसपास. पण आधी बराच वेळ आत जाऊन बसावं लागतं, तो हिशेब धरा. उशी न्या.

गंपू हडपसरकर
पाचशे वर्षांची परंपरा बघायला मिळतेय आणि लोक विचारतायत न्यावं का! आमच्याकडे पाच वर्षांच्या गणपती मंडळाला 'मानाचा' म्हणतात.

तर्कटराव
मी जरा उलटं बोलतो, चपला तयार ठेवा. हा कार्यक्रम नाही, उपासना आहे. बाई कीर्तनाला जातात म्हणजे श्रद्धावान आहेत. त्यांना तिथे नेऊन आदम-हव्वेचं पाप ऐकवायचं, वर उभं राहून 'आमेन' म्हणायला लावायचं, हे कशासाठी? दगड आणि काच बघायची असेल तर एरवी तिकीट काढून चॅपल बघता येतं. गाणं ऐकायचं तर रेडिओ आहे. साहेबाचं सगळंच आपल्याला भव्य वाटतं, हा जुना आजार आहे.

जुनी पानं
गंपू, इमारत पाचशे वर्षांची, कार्यक्रम नव्हे. पायाभरणी सहाव्या हेन्रीने १४४६ मध्ये केली. मधे इंग्लंडात यादवी माजली, काम रखडलं, दगडी काम १५१५ च्या सुमारास संपलं. छत जॉन वेस्टेलचं.

हा नऊ वाचनांचा प्रकार मात्र केंब्रिजचा नाहीच मुळात. तो इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावचा, १८८० सालचा. तिथे नवं कथीड्रल बांधायला घेतलं होतं, म्हणून बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सनचं सगळं कामकाज एका तात्पुरत्या लाकडी शेडमध्ये चालायचं. नाताळच्या आदल्या रात्री दहा वाजता त्या शेडमध्ये हे पहिल्यांदा झालं. लोकांनी त्या रात्री दारूच्या गुत्त्यात जाऊ नये म्हणून बेन्सनने ही युक्ती काढली, असं सांगतात. खरं-खोटं तोच जाणे. तो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला.

किंग्जमध्ये ते आलं १९१८ मध्ये. एरिक मिलनर-व्हाइट नावाचा तरुण पाद्री महायुद्धात लष्करात चॅप्लेन होता. परत आला आणि चौतिसाव्या वर्षी किंग्जचा डीन, म्हणजे चॅपलचा प्रमुख, झाला. युद्ध थांबून दीड महिना होत होता. कॉलेजची कितीतरी पोरं परत आली नव्हती. त्याने ट्रुरोचा साचा घेतला आणि सुरुवातीला म्हणायची प्रार्थना स्वतः लिहिली. तिच्यात जे आता दुसऱ्या किनाऱ्यावर, अधिक मोठ्या प्रकाशात आपल्याबरोबर आनंद करतायत त्यांची आठवण आहे. ती प्रार्थना आजही म्हणतात. तर्कटराव, यात साम्राज्याचा डामडौल कमी आणि सुतक जास्त आहे.

गंपू हडपसरकर
गुत्त्याला पर्याय म्हणून भजन. म्हणजे आमच्या आळीतलं भजनी मंडळ आणि ट्रुरो एकाच शाळेचे.

नगरकर
मी मराठी ख्रिस्ती, मूळचा अहमदनगरचा. म्हणून थोडं लिहितो.

तर्कटरावांचा मुद्दा मला पटत नाही, पण चुकीचा वाटत नाही. ती उपासनाच आहे. म्हणून टाळ्या वाजवत नाहीत, गाणं कितीही बहारदार झालं तरी. पण तिथे कुणी तुमचं सर्टिफिकेट बघत नाही. आमच्या चर्चमध्ये नाताळच्या उपासनेला शेजारपाजारचे सगळे येतात. प्रार्थनेच्या वेळी नुसतं शांत बसतात. सासूबाईंनी उभं राहायचं नसेल तर बसून राहावं, कुणी वळूनही पाहणार नाही.

भाषेवर मात्र एक सोपा उपाय आहे. उतारे ठरलेले असतात. मराठी बायबल फोनवर फुकट मिळतं. आधी चार दिवस रोज थोडं वाचून दाखवा. क्रम साधारण असा : आदम बागेत लपतो आणि देव त्याला हाक मारतो. मग अब्राहाम आपल्या मुलाचं बलिदान द्यायला निघतो. मग यशया संदेष्ट्याचे दोन : अंधारात चालणाऱ्यांना प्रकाश दिसला हा एक, आणि लांडगा कोकराजवळ राहील हा दुसरा. मग मरीयेकडे देवदूत, मग जन्म, मग मेंढपाळ. मग पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी पुरुष. हे वाचन चालू असताना वेदीमागे मागींचंच चित्र असतं, रुबेन्सचं, १६३४ चं. शेवटी योहानाचा पहिला अध्याय. वाचणारेही चढत्या क्रमाने येतात. पहिलं वाचन कॉयरमधला एक मुलगा करतो आणि शेवटचं कॉलेजचा प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख.

कीर्तन ऐकणाऱ्या माणसाला हे परकं वाटू नये. गोष्ट, मग त्यावर पद, परत गोष्ट. नारायण वामन टिळकांनी हे फार आधी ओळखलं होतं. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि ओवी सोडली नाही. त्यांची गाणी आम्ही आजही पेटी-तबल्यावर म्हणतो. आमच्या भागात ख्रिस्ती कीर्तनं होतात, अगदी झांजांसकट. माझी आजी किंग्जचं रेकॉर्डिंग ऐकून म्हणाली होती, 'गातात छान, पण ठेका कुठाय?'

वसईची वाट
नगरकर, आजी झिंदाबाद.
आमच्याकडे वसईत मध्यरात्रीची मिसा, म्हणजे नाताळची उपासना, मराठीत. आदल्या पंधरवड्यात पोरंटोरं गटागटाने घरोघर गात फिरतात, गिटार, ढोलकी, जे हाताला लागेल ते. येशूजन्माचे गोठे तर असे करतात की बघत राहावं, खरं गवत, वर वाहतं पाणी. आणि फुगे विसरू नका! फुगे म्हणजे तळलेले, हवेचे नव्हेत. पीठ रात्री भिजवायचं आणि सकाळी हाताच्या मुठीतून पिळून तेलात सोडायचं. नाताळला आमच्या स्वयंपाकघरात तेलाचा वास तीन दिवस असतो.

मफलरवाली
फुग्यांची रेसिपी टाका. वेगळा धागा काढा पण टाका.

लोकलप्रवासी
आणि कुलकुल. आणि ओल्या नारळाच्या नेवऱ्या. आमच्या शेजारच्या आंटीच्या घरून ताट यायचं, दिवाळीला आमच्याकडून जायचं. ताट कधी रिकामं फिरलं नाही.

वसईची वाट
टाकते. पण प्रमाण विचारू नका, आमच्याकडे सगळं 'अंदाजाने'.

ओसरी
अहो मंडळी, सासूबाई! :) वरची माहिती वाचून मी वाचनाचा कार्यक्रम सुरू केलाय. परिणाम दोन दिवसांनी कळवते. टीव्हीवर लावायचं की प्रत्यक्ष जायचं, यावर कुणीतरी बोला ना.

काळी चार
टीव्हीवर जे दिसतं ते हे नव्हेच. 'कॅरल्स फ्रॉम किंग्ज' हा वेगळा कार्यक्रम, १९५४ मध्ये पहिल्यांदा झाला. तो डिसेंबरात आधीच चित्रित करून ठेवतात. वाचनं कमी, कविता वगैरे असतात. २४ तारखेचं खरं ते रेडिओवर, थेट. पहिलं प्रक्षेपण १९२८ चं, आणि १९३० चा अपवाद सोडला तर दरवर्षी. भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, तेव्हा डोंबिवलीतली मंडळीही त्याच वेळी ऐकू शकतात.

आता जरा गाण्याबद्दल. कॉयरमध्ये १६ मुलं, १४ तरुण गायक आणि २ ऑर्गन शिकणारे विद्यार्थी. मुलं कॉलेजच्याच शाळेत शिकतात, वर्षभर जवळपास रोज गातात. पहिल्या कडव्यासाठी दोन-चार मुलं तयार केलेली असतात. कोण गाणार हे कुणालाच ठाऊक नसतं. प्रक्षेपणाचा लाल दिवा लागायच्या बेताला संचालक एकाकडे बोट करतो, आणि तो एक पाऊल पुढे येतो. जगभर लाखो लोक कान लावून बसलेले असताना हे पोर सूर धरणार. आधी सांगितलं तर रात्रभर झोपणार नाही म्हणून हा बेत.

ही मुलं आवाज फुटेपर्यंतच गाऊ शकतात. त्यामुळे एकाच्या वाट्याला हे कडवं आलं तर एकदा, फार तर दोनदा.

आणि सगळं जुनंच गातात असा समज नको. १९८३ पासून दरवर्षी एक नवं कॅरल मुद्दाम लिहून घेतात, ही कॉयरचा तेव्हाचा संचालक स्टीफन क्लिओबरी याने घातलेली प्रथा. त्यातलं १९९० चं, एस्टोनियाच्या आर्व्हो पॅर्ट या संगीतकाराचं 'बोगोरोदित्से' ऐका. चर्चच्या जुन्या स्लाव्होनिक भाषेत आहे, जेमतेम दीड मिनिटाचं. खळखळून हसल्यासारखं गाणं. नवी गाणी काही वर्षी डोक्यावरून जातात, पण ते धाडस मला आवडतं.

मृद्गंधा
मुलं, मुलं, मुलं. मुलींचं काय? एवढी गोड माहिती वाचताना कुणालाच हा प्रश्न पडला नाही?

काळी चार
पडला, टाळला. :) मुलांच्या आवाजाला एक वेगळा कोरा रंग असतो असं जुनी मंडळी म्हणतात.

मृद्गंधा
जुनी मंडळी बायकांनी नाटकात काम करू नये असंही म्हणायची, आणि आपण त्यांना बालगंधर्वांचं उदाहरण देऊन गप्प बसायचो. बालगंधर्व थोरच, पण त्यांच्या थोरपणाने हिराबाई बडोदेकरांचा रस्ता अडायला नको होता, आणि अडला नाही. सॉल्सबरी कथीड्रलने १९९१ मध्ये मुलींचा कॉयर काढला. किंग्जच्या जवळच्या सेंट जॉन्स कॉलेजने २०२२ पासून मुलींना थेट आपल्या मुख्य कॉयरमध्ये घेतलं. आकाश कोसळलं नाही. डोळे मिटून ऐकून सांगा कोणता आवाज कुणाचा.

काळी चार
डोळे मिटून मला ओळखता येणार नाही हे मान्य. तरी किंग्जचं हे एक कडवं तसंच राहावं असं वाटतं. यामागे तर्क नाही, सवय आहे.

मृद्गंधा
सवय आहे म्हणालात, तेवढं पुरे. भांडण तहकूब.

लोकलप्रवासी
ज्यांना केंब्रिज परवडत नाही त्यांच्यासाठी : मुंबईत फोर्टात सेंट थॉमस कथीड्रल आहे. तिथेही डिसेंबरात वाचनं आणि कॅरल्स होतात, तोच ढाचा. १७१८ च्या नाताळच्या दिवशी हे चर्च उघडलं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून इकडे यायची वाट होती तो चर्चगेट. आपण रोज ज्या स्टेशनात धक्के खातो त्याचं नाव तिथून आलं. मुंबईतले जुने मैलाचे दगडही याच चर्चपासून अंतर मोजायचे. आत भिंती भरून इंग्रज साहेबांची संगमरवरी स्मारकं आहेत, बरेचसे तिशी ओलांडायच्या आत गेलेले. गाणी चालू असताना ती वाचत बसलो की मला त्या पोरांचंच वाईट वाटायला लागतं. डोक्यावर पंखे फिरत असतात, बाहेर बसचा हॉर्न. स्वेटर नको, रुमाल न्या.

तर्कटराव
बघा, इथेही साहेबांचीच थडगी. आणि पुण्यात असाल तर पंचहौद मिशन आहेच.

गंपू हडपसरकर
पंचहौदला जा, पण चहा पिऊ नका! १८९० मध्ये गोपाळराव जोश्यांनी व्याख्यानाच्या निमित्ताने लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशा मातब्बरांना तिथे नेलं. समोर चहा-बिस्किटं आली, आणि मग कोण प्यायलं याची यादी छापली. प्रायश्चित्तापर्यंत गेलं प्रकरण. ओसरीताई, सासूबाईंना बाहेर आल्यावर गरम मसालेवाली वाईन देतील, सांभाळा. यादी आम्ही छापू.

जुनी पानं
=)) चहा प्रकरणावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.

तर्कटराव, तुमच्या 'भव्य वाटतं' वर एक राहिलंच होतं. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या बहुतेक रंगीत काचा बॉम्बच्या भीतीने काढून ठेवल्या होत्या. सोळाव्या शतकातल्या त्या काचा. खिडक्यांना तात्पुरतं काहीबाही लावलं होतं, आत गरम करायची सोय नव्हती. सुरक्षेसाठी रेडिओवर किंग्जचं नावही घेत नसत. तरी दर नाताळला प्रक्षेपण झालं. २०२० मध्ये साथीमुळे आत श्रोतेच नव्हते, तेव्हाही झालं, आधी ध्वनिमुद्रित करून ठेवून. भव्यता काढून घेतली तरी काही उरतं, एवढंच माझं म्हणणं.

तर्कटराव
ते उरतं ते त्यांच्यासाठी, कारण त्यांची श्रद्धा आहे. आपल्यासाठी काय उरतं हा माझा प्रश्न आहे, आणि त्याला अजून कुणी हात घातलेला नाही. गाणं उरतं म्हणाल तर मग रेडिओ.

ओसरी
अहवाल. पहिला उतारा वाचला. आदम झाडामागे लपतो आणि 'बाईने दिलं म्हणून खाल्लं' असं सांगतो, यावर सासूबाई म्हणाल्या, 'हे सगळीकडे सारखंच.'

काल दुसरा वाचला. अब्राहाम, इसहाक, मोळी मुलाच्याच पाठीवर, मुलगा विचारतोय की विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठाय? मी वाचायची थांबले, कारण त्या कणीक मळत होत्या आणि हात थांबला होता. म्हणाल्या, 'ही तर चिलया बाळाची गोष्ट.' मग श्रियाळ राजा, चांगुणा, दारी आलेला अतिथी, सगळं मला सांगितलं. त्यांच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांतल्या दोन-तीन आठवल्याही. शेवटी म्हणाल्या, 'पण चांगुणेला निदान विचारलं तरी. तिने रडत का होईना, स्वतःच्या हाताने केलं. इथे त्या मुलाच्या आईला कुणी सांगितलं तरी का?'
मला उत्तर देता आलं नाही. नगरकर?

नगरकर
ओसरीताई, नाही सांगितलं. उत्पत्तीच्या सगळ्या बाविसाव्या अध्यायात आईचं, सारेचं, नाव नाही. अब्राहाम पहाटे उठून निघतो आणि तिला काही बोलल्याचं लिहिलेलं नाही. आणि पुढचा अध्याय उघडला की पहिल्याच ओळींत सारा वारल्याची बातमी. या दोन्हींचा संबंध यहुदी भाष्यकारांनी फार पूर्वी जोडलाय, की मुलाचं कानावर आलं आणि तिने प्राण सोडला. मी लहानपणापासून हा उतारा ऐकतोय, पण चांगुणेशेजारी सारेला उभं करून कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या मंडळीत येऊन बोलतील का विचारा.

मृद्गंधा
सासूबाईंचा आयडी काढा.

तर्कटराव
बरं. हे रेडिओ लावून झालं नसतं, एवढं मी कबूल करतो. पण हे केंब्रिजला न जाता स्वयंपाकघरात झालं, याची नोंद घ्यावी.

वसईची वाट
तर्कटराव हरले तरी मुद्दा सोडत नाहीत. फुग्यांचा धागा काढलाय, पाककृती विभागात बघा.

कॅमकाठ
आता व्यवहाराचं. जागा नाही मिळाली तर हिरमुसू नका. नऊ वाचनांचा हा ढाचा इंग्लंडभर झालाय. केंब्रिजच्या बहुतेक कॉलेजांच्या चॅपलमध्ये सत्र संपायच्या आधी, नोव्हेंबरअखेर-डिसेंबरच्या सुरुवातीला होतं. तिथे गर्दी कमी, आणि गाणारे विद्यार्थी उत्तम. ट्रेनने पाव तासावर इली आहे, तिथलं कथीड्रलही बघण्यासारखं आणि तिथेही कॅरल्स असतात. २४ लाच किंग्जला गेलात तर वयाची आणि गुडघ्यांची अडचण आधी कळवून ठेवा. आणि बाहेरगावचं कुणी येणार असेल तर हे लक्षात ठेवा : त्या दिवशी गाड्या लवकर बंद होतात आणि २५ ला ट्रेन धावतच नाही.

ओसरी
घर सायकलच्या अंतरावर आहे, पण त्यांना टॅक्सीने नेईन. नाव नोंदवलंय दोघींचं. नवरा म्हणतोय माझंही टाक.

गंपू हडपसरकर
त्याला सांगा, आता रेडिओ.